डाग देणे सोपे, पुसणे कठीण

मनुष्याला त्याच्या कृत्यावरून ओळखावे की कुळावरून? प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कोणीही ह्या प्रश्नाचे उत्तर चटकन देईल. परंतु १८७१ साली इंग्रज सरकारने त्याचे नेमके उलटे उत्तर कायद्यात लिहून ठेविले. त्या वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींतील मूल जन्मतःच गुन्हेगार ठरू लागले. पोलिसांच्या नोंदवहीत नाव, ठरलेल्या वेळी हजेरी, परगावी सोयऱ्याकडे जावयाचे तरी दाखला, आणि पुढे बोटांचे ठसेही. प्रारंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानातील काही प्रांतांपुरता होता. १९११ नंतर त्याचा विस्तार देशभर झाला. मग कुंपणाच्या वसाहती निघाल्या. सोलापूरची वसाहत ‘सेटलमेंट’ ह्याच नावाने लोकांच्या तोंडी बसली. अशा कित्येक वसाहती साल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांनी चालविल्या, हेही आपण विसरता कामा नये. हेतू सुधारणेचा होता, हे खरे. परंतु आतल्या माणसाला कुंपण हे कुंपणच.

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीच्या शिफारशीवरून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. काल जे ‘गुन्हेगार’ होते ते आज ‘विमुक्त’ झाले. परंतु ठाण्यातील शिपाई तोच आणि वहीही तीच! शिवाय निरनिराळ्या राज्यांनी ‘सराईत गुन्हेगार’ ह्या नावाचे कायदे केले. ह्या कायद्यांत जमातीचे नाव नव्हते, व्यक्तीचे होते; तथापि गावात चोरी झाली की पहिली धाड कोणाच्या पालावर पडते, हे काही लपून राहिले नाही. लक्ष्मण गायकवाड ह्यांनी आपल्या जमातीची कहाणी १९८७ साली लिहिली आणि तिला ‘उचल्या’ हेच नाव दिले. जगाने मारलेला शिक्का त्यांनी आपल्या हाताने पुस्तकावर छापला.

आता पोलिसांचे म्हणणेही ऐकिले पाहिजे. ते म्हणतात, चोऱ्या काय वाऱ्याने होतात? ज्याच्या घरून पेरणीच्या तोंडावर बियाण्याची पोती गेली, त्याला मानवी हक्कांवरील व्याख्यान देऊन भागत नाही. त्याला चोर हवा असतो. पूर्वी ज्यांनी गुन्हे केले त्यांची नोंद ठेविल्यावाचून तपास होत नाही, हेही त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हे. आमचा आक्षेप नोंदीला नाही. बापाच्या नोंदीवरून मुलाला उचलण्याला आहे, आणि एका पारध्याच्या गुन्ह्यावरून सगळ्या पारध्यांना हाकण्याला आहे. पारधी म्हणजे मुळात शिकार करणारा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा पिढीजात धंदाच गुन्हा ठरला. तो कायदा आवश्यक होता. पण वाघाला अभयारण्य मिळाले तशी पारध्याला जमीन मिळाली नाही.

ह्याचा परिणाम आपल्याच राज्यात दिसला. सप्टेंबर २००७ मध्ये बैतूल जिल्ह्यात, मुलताईजवळच्या चौथिया गावी, जमावाने पारध्यांची वस्ती उद्ध्वस्त केली. शेजारच्या गावातील एका स्त्रीचा खून झाला होता आणि संशय पारध्यांवर होता. ज्यांनी खून केला असेल त्यांना न्यायासनापुढे उभे करणे योग्यच होते. परंतु घरे पडली ती सर्वांची, आणि रस्त्यावर आली ती लेकुरेही. पोलिसांच्या डोळ्यांदेखत हे घडले, अशी पारध्यांची तक्रार होती. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला.

आमच्या बालाघाटाकडे दुसराच शिक्का चालला. बैहर, लांजी, परसवाडा ह्या भागांत अनेक वर्षे ‘नक्षलवादी’ हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला गेला. नक्षलवाद्यांचे क्रौर्य कल्पित नव्हते. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे ह्यांना त्यांच्याच गावच्या घरातून बाहेर ओढून ठार करण्यात आले, हे बालाघाटकर कसे विसरतील? जंगलात रात्र काढणारा शिपाईही कोणाचा तरी मुलगाच असतो. परंतु रात्री बंदूकवाल्यांनी दारात येऊन भाकर मागितली, तर बैगाने काय करावे? नाही म्हटले तर ‘पोलिसांचा खबऱ्या’, दिली तर ‘नक्षलवाद्यांचा साथीदार’. दोन्ही शिक्के जीवघेणे, आणि भाकर मात्र एकच!

मार्च २०२५ मध्ये शेजारच्या मंडला जिल्ह्यात, कान्हाच्या जंगलपट्ट्यात, चकमकीत एक बैगा मारला गेला. पोलिसांनी त्यास नक्षलवादी म्हटले. घरच्यांनी सांगितले की तो वनोपज आणावयास गेला होता. विधानसभेत गदारोळ झाला, चौकशीची मागणी झाली. अशा वेळी ‘नक्षलवादी’ हा शब्द पुरावा म्हणून वापरू नये, एवढेच आमचे मागणे आहे. शब्द आरोप करू शकतो. तो सिद्ध करण्याचे काम दुसऱ्याच गोष्टींना करावे लागते.

येथे दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सांगितले पाहिजेत, मग कोणास राग येवो. अलीकडे पोलिसाने कोणालाही हटकले की ‘जातीयवादी’, ‘वंशद्वेष्टा’ अशा आरोळ्या ठोकण्याची चाल पडली आहे. अमेरिकेत मे २०२० मध्ये मिनियापोलिस शहरी जॉर्ज फ्लॉइड ह्या कृष्णवर्णीयाच्या मानेवर एका पोलिसाने गुडघा दाबून धरिला व त्यात त्याचा प्राण गेला. त्यानंतर हे शब्द आपल्याकडेही सढळ हाताने येऊ लागले. तेथील क्रोध समजण्याजोगा होता. परंतु दुचाकीवर टोपी न घातल्याबद्दल दंड करणाऱ्या हवालदारालाही तोच शब्द लावला, तर चौथियासाठी कोणता शब्द उरणार? पोलिसांतही आदिवासी आहेत, दलित आहेत, आपल्या देवळात रविवारी शेजारी बसणारेही असतील. सरसकट शिक्का त्यांनाही लागू नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयी निकाल दिला. स्वयंपाक अमुक जातीने करावा, सफाई अमुक जातीने, असे सांगणारे नियम त्याने रद्द केले. विमुक्त जमातीच्या माणसाला केवळ त्या जमातीचा म्हणून सराईत गुन्हेगार मानण्यास वाव देणारे नियमही घटनाबाह्य ठरले, आणि अशा नियमांत आपल्या मध्य प्रदेशाचा नियमही होता. म्हणजे कायदा रद्द होऊन ७२ वर्षे झाली तरी त्याची सावली तुरुंगाच्या पुस्तकात बसून होती. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास न्यायालयाने सांगितले, आणि नियम सुधारण्यास राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली. गावच्या चावडीवरील बोलण्यात जो रकाना आहे, त्याला मात्र कोणत्याही न्यायालयाने अजून मुदत घातलेली नाही.