काचपट्टीवरचा हिरवा थर

प्लॅस्टिक म्हणजे विजेस अटकाव करणारा पदार्थ, हे आपण शाळेतच शिकलो; घरातील तारांवरचे वेष्टण पाहता ते खोटेही नव्हे. परंतु १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर या त्रयीने पॉलिअ‍ॅसिटिलीन या पॉलिमरच्या पापुद्र्यावर आयोडिनाची प्रक्रिया केली आणि त्याची वीजवाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. २००० साली तिघांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सातारा-सांगलीच्या वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे की, ही विद्या परदेशी प्रयोगशाळांची मिरास राहिलेली नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. सी. डी. लोखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिअ‍ॅनिलीनचे पातळ थर तयार करून विद्युत्संचय व वायुसंवेदन यांसाठी त्यांची परीक्षा केली. या पॉलिमरला डामडौल लागत नाही. अ‍ॅनिलीन, आम्ल, अमोनियम परसल्फेट, बर्फाचे भांडे आणि एक काचपट्टी एवढ्या साहित्यावर हिरवा, वीजवाहक थर धरतो. तुटपुंज्या अनुदानात बसणारे विज्ञान, असे कोणी थट्टेने म्हणेल. आम्हांस तो त्याचा मोठा गुण वाटतो.

या थरास अमोनिया लागला की त्यातील आम्लाचा अंश हिरावला जातो, रंग निळसर होतो व विद्युत्‌रोध वाढतो. हवा निवळली की तो पुष्कळ अंशी पूर्ववत् होतो. धातूंच्या ऑक्साइडांचे संवेदक बहुधा तापवावे लागतात. हा नेहमीच्या तपमानावरच काम करतो. आता सांगली-तासगावकडील बेदाण्याच्या शीतगृहांचा विचार करा. शीतगृहांत थंडाव्यासाठी अमोनिया खेळवण्याची पद्धत जुनी आहे, आणि गळती झालीच तर प्रथम डोळे व फुप्फुसे जातात ती तेथील हमालांची.

मग हा थर शीतगृहात का दिसत नाही? दमट हवेत त्याचे माप ढळते, काही महिन्यांत तो जुना होतो, हे खरे. पण खरी अडचण निराळी आहे. प्रबंध मान्य झाला, निबंध छापून आला, बढतीचे गुण जमले, की काचपट्टी कपाटात जाते. टिकाऊपणाच्या कंटाळवाण्या चाचणीस पदवी मिळत नाही. म्हणून ती कोणी करीत नाही.

साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्ससारख्या संस्थेने थर करावेत, सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्यांस परिपथ व इशाऱ्याची घंटा जोडावी, आणि एखाद्या शीतगृहमालकाने आपल्या यंत्रघरातील हातभर भिंत वर्षभरासाठी द्यावी, अशी आमची सूचना आहे. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत ती घंटा किती वेळा खोटी वाजली, याची नोंदवही ठेवण्याचे काम एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याकडे सोपवून विद्यापीठाने ती प्रबंधाचा भाग म्हणून स्वीकारावी.