आघाताची नोंद की ध्वनीची?
घरगुती इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचाच्या मुद्रणाविषयी

साध्या ड्रमवर टिपरीचा आघात झाला म्हणजे त्यावर ताणलेला पडदा कंप पावतो, ते कंप हवेतून पसरतात आणि आपल्या कानापर्यंत पोचतात. अशा ड्रमचे ध्वनिमुद्रण करावयाचे तर त्याच्याभोवती योग्य अंतरावर मायक्रोफोन मांडावे लागतात. शिवाय खोली शांत असावी लागते. इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचाची गोष्ट अगदी निराळी आहे. त्याच्या रबरी किंवा जाळीदार पॅडवर आघात केला असता खोलीत केवळ टकटक असा बोदा आवाज होतो. वादकास हेडफोनमधून ऐकू येणारा भरदार नाद त्या पॅडमधून निघालेलाच नसतो. त्यामुळे पॅडसमोर मायक्रोफोन ठेवल्यास त्यात ती टकटक तेवढी उतरेल. मग अशा वादनाचे घरच्या घरी मुद्रण करू इच्छिणाऱ्याने नेमके काय मुद्रित करावे? याचे उत्तर देण्यापूर्वी हा नाद कोठे व कसा उत्पन्न होतो ते पाहणे अवश्य आहे.

पॅडच्या आतील बाजूस बहुधा दाबविद्युत् गुण असलेल्या द्रव्याची एक पातळ चकती बसविलेली असते. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत् भार प्रकट होतो, हा शोध प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली लावला. त्याच गुणाचा येथे उपयोग केलेला आहे. टिपरी पॅडवर पडताच चकतीतून विजेचा एक क्षणिक स्पंद निघतो; आघात जोराचा असेल तर स्पंद मोठा, हलका असेल तर लहान. हा स्पंद तारेने एका पेटीत जातो. या पेटीस मॉड्यूल म्हणतात. कोणत्या पॅडवर किती जोराचा आघात झाला, हे मॉड्यूल प्रथम ठरविते आणि मग आपल्या स्मृतीत साठविलेल्या सामग्रीतून त्यास अनुरूप असा ध्वनी निर्माण करून हेडफोनकडे पाठविते. तात्पर्य, येथे दोन टप्पे आहेत: आधी आघाताची माहिती, मग ध्वनी. मुद्रण यांपैकी कोणत्याही टप्प्यावर करता येते, आणि कोणता टप्पा निवडावा हाच खरा प्रश्न होय.

पहिल्या टप्प्यावरील माहिती बाहेर नेण्यासाठी ‘मिडी’ नावाची संकेतपद्धती वापरतात. निरनिराळ्या उत्पादकांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांस जोडता यावीत म्हणून ती १९८३ साली प्रचारात आली. तीत आघाताचा संदेश तीन बाइटांचा असतो. पहिला बाइट घटनेचा प्रकार सांगतो, दुसरा वाद्याचा क्रमांक आणि तिसरा आघाताचा जोर. हा जोर १ पासून १२७ पर्यंतच्या अंकांनी दर्शवितात. १९९१ साली ठरलेल्या सामायिक यादीनुसार बास ड्रमचा क्रमांक ३६, स्नेअरचा ३८ आणि मिटलेल्या हाय-हॅटचा ४२ आहे. संदेश कोणत्या क्षणी आला, ते संगणक टिपून ठेवतो. तबल्याचे बोल वहीत लिहून ठेवावेत तशीच ही नोंद आहे. मात्र बोलांच्या लेखनात जे उतरत नाही ते, म्हणजे प्रत्येक आघाताचा जोर आणि त्याची नेमकी वेळ, हिच्यात उतरते. तथापि वहीतून जसा तबला ऐकू येत नाही, तसा या नोंदीतूनही ध्वनी ऐकू येत नाही. तो मॉड्यूलकडून अथवा संगणकाकडून पुन्हा निर्माण करवून घ्यावा लागतो.

या दोन प्रकारच्या नोंदींतील अंतर एका हिशेबावरून स्पष्ट होईल. वादक सेकंदाला दहा आघात करतो असे धरू. प्रत्येक आघातामागे आरंभाचा व समाप्तीचा असे दोन संदेश, म्हणजे सहा बाइट. यावरून मिनिटाला ३,६०० बाइट होतात. उलट, डावा व उजवा अशा दोन मार्गांचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास १६ बिट या प्रमाणात मुद्रित केला, तर मिनिटाला सुमारे १ कोटी ६ लाख बाइट लागतात. म्हणजे दुसरी नोंद पहिलीच्या जवळजवळ तीन हजार पट मोठी. आज साठवणुकीची जागा स्वस्त असल्याने केवळ या कारणाने निवड करू नये. परंतु एका नोंदीत नुसती कृती असते आणि दुसरीत तिचे संपूर्ण फळ, हे यावरून ध्यानात येते.

आता प्रत्येक मार्गाचे गुणदोष पाहू. मॉड्यूलच्या डाव्या व उजव्या निर्गमातून निघणारा ध्वनी ऑडिओ इंटरफेसच्या द्वारे संगणकात घेणे, हा सर्वांत सोपा मार्ग. जे वादकाने ऐकले तेच यात मुद्रित होते. पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरील गोंगाट त्यात शिरत नाही. पण सर्व वाद्ये दोन मार्गांत मिसळून जातात. मागाहून स्नेअर क्षीण वाटला तर तेवढाच उचलता येत नाही. पायपेडलच्या हादऱ्याने शेजारचे पॅड चुकून वाजले असेल तर ते तसेच राहते. काही मॉड्यूल प्रत्येक वाद्याचा ध्वनी यूएसबी तारेने वेगवेगळ्या मार्गांवर पाठवितात. तशी सोय असल्यास वाद्यांचे परस्पर प्रमाण नंतरही बदलता येते.

मिडीच्या नोंदीत याहून पुष्कळ अधिक स्वातंत्र्य असते. चुकीचा आघात पुसता येतो, जोराचा अंक कमीअधिक करता येतो, सबंध संचाचा ध्वनीच बदलता येतो. परंतु येथे तीन गोष्टींचे भान हवे. पहिली म्हणजे मॉड्यूलचे आणि संगणकातील वाद्याचे क्रमांक जुळले पाहिजेत. हाय-हॅटच्या बाबतीत पेडल किती दाबले आहे याचे संदेश स्वतंत्र जातात. त्यांचा अर्थ निराळा लावला गेला, तर अर्धवट उघडी हाय-हॅट मिटलेली ऐकू येते. दुसरी गोष्ट अशी की वादकाने ज्या ध्वनीच्या अंदाजाने आपला हात तोलला, तो ध्वनी बदलल्यावर तेच अंक फार हलके किंवा फार कठोर वाटू शकतात. तिसरा एक मोह आहे: सर्व आघात संगणकाकरवी तंतोतंत मात्रेवर आणून बसविण्याचा. किंचित पुढे वा किंचित मागे पडणारा हात हा पुष्कळदा त्या वादकाच्या लयीचा प्राणच असतो, हे विसरू नये.

वाजवीत असतानाच संगणकाने निर्माण केलेला ध्वनी ऐकावयाचा असेल, तर विलंबाचा प्रश्न उद्भवतो. संगणक नमुन्यांवर गटागटाने काम करतो. ४४,१०० च्या गतीने ५१२ नमुन्यांचा एक गट भरण्यासच सुमारे १२ सहस्रांश सेकंद लागतात. १२८ नमुन्यांस सुमारे ३ लागतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. म्हणजे १२ सहस्रांश सेकंदांचा विलंब हा ड्रम चार मीटर दूर ठेवून वाजविण्यासारखा आहे. सरावलेल्या हातास तो जाणवतो. यावर सोपा उपाय असा, की कानांनी मॉड्यूलचाच ध्वनी ऐकावा आणि संगणकाकडे माहिती तेवढी जाऊ द्यावी.

निवडीचे सूत्र आता सांगता येईल. आघाताच्या माहितीपासून ध्वनी केव्हाही निर्माण करता येतो. नोंदलेले संदेश पुन्हा मॉड्यूलला पाठवून त्याचा ध्वनी सवडीने मुद्रित करणेही शक्य असते. उलट, मिसळलेल्या ध्वनीतून मूळ आघात वेगळे काढणे फार कठीण. यास्तव मिडीची नोंद नेहमीच ठेवावी; आणि साधन असल्यास त्याच वेळी ध्वनीही घ्यावा, कारण मॉड्यूलने दाखविलेला प्रत्येक सूक्ष्म भेद संदेशांत उतरेलच असे नाही. केवळ रियाज तपासावयाचा असेल, तर दोन मार्गांचा ध्वनी पुरेसा आहे.

आरंभापूर्वी अर्ध्या मिनिटाची चाचणी अवश्य घ्यावी. सर्वांत जोराचा आघात कमाल पातळीच्या सहा डेसिबेल खाली राहील असे पाहावे, कारण पातळी ओलांडून कापला गेलेला ध्वनी पूर्ववत होत नाही. हाय-हॅट उघडी, अर्धवट व मिटलेली वाजवून नोंद ऐकून पाहावी. दोन्ही नोंदींस एकच नाव व तारीख द्यावी आणि लयीची गती व मॉड्यूलवरील संचाचे नाव लिहून ठेवावे. एखादे वादन एकदाच मनासारखे साधते. ध्वनी मागाहून बदलता येईल, पण न नोंदलेला आघात परत मिळावयाचा नाही.