पोटाला मार लागलाय, पण वरून काहीच दिसत नाही? पहिले २४ तास महत्त्वाचे

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा भागात राहणारी खानदेशातली असंख्य कुटुंबं गावी ये-जा करताना नवापूरमार्गे धुळे-सुरत महामार्गच धरतात. अपघातात बाईकचं हँडल पोटात बसलं किंवा स्टिअरिंग आदळलं, तर कधी कधी वरून खरचटलेलंही दिसत नाही. जखमी चालतो, बोलतो. 'काही झालं नाही' म्हणत मंडळी घरी निघतात. पण आत लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे ड्युओडेनम, फाटलेला असू शकतो.

दुखापत लपते कशी?

जठरानंतरची ही साधारण २५ सेंटिमीटरची नळी पोटात बरीच मागे, कण्याजवळ असते. जोराचा दाब आला की ती कण्यावर चेपली जाते. गळती मागच्या बाजूला झाली तर सुरुवातीला पोट मऊच लागतं आणि सोनोग्राफीतही दुखापत सुटू शकते. त्यामुळे संशय असल्यास सीटी स्कॅन करतात. शंका राहिलीच तर रुग्णाला भरती ठेवून पुन्हा पुन्हा तपासतात.

पाच श्रेणी

जगभरातले सर्जन या दुखापतीच्या पाच श्रेणी मानतात. पहिल्या दोन श्रेणींत रक्त साकळणं किंवा छोटी चीर असते. नुसतं रक्त साकळलं असेल तर अनेकदा ऑपरेशन लागत नाही. चिरेला बहुधा साधे टाके पुरतात. तिसरीत चीर मोठी असते. चौथीत पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत इजा पोहोचते. पाचवीत स्वादुपिंडासह सगळा भाग उद्ध्वस्त होतो किंवा ड्युओडेनमचा रक्तपुरवठाच तुटतो. श्रेणी वाढते तसा जिवाचा धोका वाढतो. सोबत मोठी रक्तवाहिनी फुटली असेल तर आणखीच.

ऑपरेशननंतरची मोठी भीती म्हणजे टाके उसवणं. जठररस, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिळून रोज कित्येक लिटर द्रव इथून जातो. गळती झाली की जंतुसंसर्ग होतो आणि दवाखान्यातला मुक्काम लांबतो.

उशीर महागात पडतो

श्रेणी आपल्या हातात नसते, वेळ मात्र बऱ्याचदा असते. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या सर्जननी १९७५ मध्ये मांडलेला हिशेब आजही सांगितला जातो : २४ तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण ११ टक्के, त्यानंतर ४० टक्के. उपचार आता सुधारलेत, पण उशिराचा धोका कायम आहे.

काय करायचं?

पोट किंवा पाठ वाढत्या प्रमाणात दुखणं, हिरवट उलटी, ताप, नाडी जलद होणं यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. खायला-प्यायला देऊ नका, पोट चोळू नका. १०८ ला फोन करा. हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो. सर्जन आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. मार नेमका कुठे आणि कशाने बसला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वरून जखम दिसत नसेल, तर तपास कुठून सुरू करायचा हे त्यावरूनच ठरतं.