घरांतील वायफायचें जाळें : निवड व मांडणी

सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, बाजारभाव, पावसाचा अंदाज व मुलांचा अभ्यास हीं सर्व कामें आज इंटरनेटवर होऊं लागलीं आहेत. पुष्कळ गांवांतून फायबरची तारही शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत येऊन पोहोंचली आहे. परंतु ओसरीवर उत्तम चालणारें वायफाय माजघरांत मंदावतें आणि मागील पडवींत मुळींच मिळत नाहीं, अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. ह्यावर उपाय म्हणून बाजारांत ‘मेश’ नांवाचे संच मिळतात. त्यांस कित्येक हजार रुपये पडतात; सबब तो खर्च करण्यापूर्वीं हें साधन काय करतें व काय करूं शकत नाहीं, हें नीट समजून घेणें अवश्य आहे.

मेश म्हणजे जाळें. संचांत बहुधा दोन किंवा तीन लहान पेट्या असतात. पहिली पेटी फायबरच्या यंत्रास तारेनें जोडावयाची व बाकीच्या घरांत इतरत्र ठेवावयाच्या. ह्या पेट्या आपसांत बिनतारी संदेशानें बोलतात व सर्व मिळून एकाच नांवाचें वायफाय पुरवितात. मनुष्य मोबाईल घेऊन एका खोलींतून दुसरींत गेला, तर जवळच्या पेटीशीं जोडणी बहुधा आपोआप होते.

ह्या व्यवस्थेस मळ्यांतील पाटाची उपमा चांगली लागू पडते. विहिरीस जितकें पाणी असेल तितकेंच पाटांतून वाहणार. पाट वाढविल्यानें झरा वाढत नाहीं. त्याचप्रमाणें पेट्या वाढविल्यानें बाहेरून येणारें इंटरनेट वाढत नाहीं. म्हणून प्रथम मूळ राऊटरच्या शेजारीं बसून वेग मोजून पाहावा. शक्य तर संगणक तारेनें जोडून मोजावा. तेथेंच वेग कमी भरल्यास दोष बाहेरील पुरवठ्याचा असण्याचा संभव अधिक. तो संच घेऊन जाणार नाहीं. तसेंच, राऊटर कोपऱ्यांतून काढून घराच्या मध्यभागीं उंचावर ठेवून पाहावा. कित्येक घरांत एवढ्यानेंच काम भागतें.

दुसरी गोष्ट भिंतींची. वायफाय मुख्यत्वें २.४ व ५ गीगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतें. पहिल्या पट्ट्यांतील लहरींचा पल्ला लांब, पण वेग कमी. दुसऱ्या पट्ट्यांत वेग अधिक, परंतु जाड भिंतीपुढें त्या लहरी लवकर हात टेकतात. देशावरील काळ्या दगडाचे वाडे, कोंकणांतील जांभ्याच्या भिंती व सळयांचें काँक्रीट ह्यांतून त्या क्षीण होऊन निघतात. पत्रा व लोखंडी कपाट त्यांस परतवितात. पाण्याची टाकी शोषून घेते. म्हणून खोक्यावर छापलेले चौरस फूट पाहून संच घेऊं नये. आपल्या भिंती मोजून घ्यावा.

आतां मुख्य मुद्दा. दोन पेट्यांमधील दुवा जितका बळकट, तितकाच दुसऱ्या पेटीचा उपयोग. प्रस्तुत लेखकानें स्वतः येथें चूक केली. मागच्या खोलींत मुलीस अभ्यासाचे पाठ नीट दिसत नव्हते, म्हणून विक्रेत्याच्या सांगण्यावरून तीन पेट्यांचा संच घेतला व एक पेटी थेट त्याच खोलींत, धान्याच्या पत्र्याच्या कोठीशेजारीं ठेविली. मोबाईलवर वायफायची खूण पूर्ण दिसे. पाठ मात्र पूर्वीप्रमाणेंच अडखळत. कारण, त्या पेटीसच पहिल्या पेटीचा संदेश धड पोहोंचत नव्हता. परीक्षेचा एक महिना ह्या भ्रमांत गेला. पुढें तीच पेटी माजघराच्या दाराशीं उंच फळीवर ठेवितांच काम सुरळीत झालें. तिसरी पेटी आजही खोक्यांतच आहे.

तेव्हां जेथें वायफाय मिळत नाहीं तेथें पेटी ठेवूं नये. जेथवर तें चांगलें मिळतें त्या हद्दीच्या आंत, साधारण अर्ध्या वाटेवर ठेवावी. संदेशाचें बळ दाखविणारें ॲप मोबाईलवर घ्यावें. त्यांतील आंकडा उणे असतो व शून्याकडे जितका झुकेल तितका चांगला. पेटीच्या जागीं तो उणे ६५ च्या आसपास असावा. उणे ८० दिसल्यास दुवा दुबळा समजावा.

संच निवडतांना पुढील गोष्टी पाहाव्या :

१. दुवा. साध्या संचांत पेटी बहुधा एकाच रेडिओनें मोबाईलशीं व पहिल्या पेटीशीं बोलते; त्यामुळें वेग निम्म्यावर येऊं शकतो. तीन रेडिओंच्या संचांत एक रेडिओ दुव्यासाठीं राखतां येतो. परंतु सर्वांत उत्तम दुवा तारेचा. घरांत कॅट-६ तार ओढणें शक्य असेल, तर साधा संचही उत्तम काम देतो. मात्र प्रत्येक पेटीस तार जोडण्याची सोय आहे, हें पाहून घ्यावें.

२. पिढी. सामान्य घरास ‘वायफाय ६’ पुरेसें आहे. त्यापुढील पिढीचा लाभ तिला जुळणारे मोबाईल असल्यासच मिळतो.

३. मेळ. निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्या एकमेकींशीं जुळाव्या म्हणून वायफाय अलायन्सनें २०१८ सालीं ‘ईझीमेश’ ही सामाईक पद्धत काढली. तिचा उल्लेख नसल्यास पुढें त्याच कंपनीची पेटी घ्यावी लागेल, असें धरून चालावें.

४. सुरक्षितता. डब्ल्यूपीए-३ ची सोय असावी व पासवर्ड लांब ठेवावा.

गोठा किंवा पंपाची खोली दूर असेल, तर घरांतील पेटीवर भिस्त ठेवूं नये. तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर. शिवाय उघड्यावरून नेलेल्या अशा तारेनें विजेचा आघात घरांत शिरण्याचें भय असतें. तेथें फायबर टाकावें, अथवा समोरासमोर दृष्टि पोहोंचत असल्यास एका दिशेनें संदेश टाकणारीं बाहेरचीं यंत्रें बसवावीं. वीज गेली म्हणजे प्रत्येक पेटी बंद पडते, हेंही विसरूं नये. फायबरचें यंत्र व सर्व पेट्या इन्व्हर्टरवर घ्याव्या.

सारांश, आधीं मोजावें, मग राऊटर हलवून पाहावा, मग तार ओढतां येते काय तें पाहावें, आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढावी. दोन पेट्यांपासून आरंभ करावा. उणीव भासल्यास तिसरी केव्हांही घेतां येते. घामाचा पैसा खोक्यांत पडून राहूं नये, एवढीच ह्या लेखाची इच्छा आहे.