बसला, पण जुळला का?

"सर, ॲक्सल एकदम बरोबर बसला. बोल्टसुद्धा जसेच्या तसे लागले. फक्त मीटरमध्ये एक पिवळा लाइट पेटतोय. गॅरेजवाला म्हणतोय, तो लाइटच काढून टाकूया की."

माझा एक माजी विद्यार्थी काकतीच्या थांब्यावर भेटला, तेव्हा त्याने ही हकिकत सांगितली. महामार्गावर कुणीतरी त्याच्या गाडीला मागच्या बाजूने धडक दिली होती. माणसे वाचली, पण मागचा ॲक्सल वाकला आणि एक चाक तिरके झाले. नवा ॲक्सल खिशाला परवडेना, म्हणून त्याच जातीच्या भंगारात निघालेल्या गाडीचा ॲक्सल आणून बसवला. आपल्याकडे यात नवल काही नाही. मुंबईचे कुर्ला असो की बेंगळुरूचे शिवाजीनगर, जुन्या सुट्या भागांच्या बाजारावर कितीतरी गाड्या तगून आहेत.

नागपंचमी चार दिवसांवर आली होती. बायको-मुलांना माहेरी निपाणीला सोडायचे होते. म्हणजे काकतीतून निघून आधी वंटमुरीचा घाट, पुढे तवंदीचा घाट, आणि तेही श्रावणातल्या ओल्या रस्त्यावरून! मी त्याला एवढेच म्हणालो, "अरे, लाइट काढण्याआधी तो कशाला पेटतोय ते तरी बघूया." गाड्यांतले मला फारसे कळते असे नाही. म्हणून आम्ही उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रींना गाठले. त्या दुपारी जे शिकलो, ते वाचकांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

चाक अडकले की गाडी घसरते

तो पिवळा लाइट एबीएसचा. ब्रेक जोरात दाबला आणि चाक जागीच अडकले, तर ते फिरायचे थांबते आणि घसरू लागते. अडकलेली पुढची चाके वळवली तरी गाडी वळत नाही. मागची चाके आधी अडकली, तर गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते आणि गाडी रस्त्यावर गरकन फिरते. एबीएस हे होऊ देत नाही. चाक अडकायला लागले की ती यंत्रणा त्या चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा लावते, पुन्हा सोडते. एका सेकंदात हे कितीतरी वेळा घडते. तेव्हा पायाखाली पेडल थरथरते. पुष्कळजण त्याला घाबरून पाय उचलतात. तसे करू नये, पाय दाबूनच ठेवावा.

अशी यंत्रणा १९५० च्या दशकात विमानांच्या चाकांसाठी वापरात आली. १९७८ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आली. आपल्याकडे बरीच वर्षे ती फक्त महागड्या मॉडेलमध्ये मिळे. एप्रिल २०१९ पासून मात्र सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. त्यामुळे रस्त्यावर आज एकाच नावाच्या, एकाच रूपाच्या दोन गाड्या दिसतात, एक एबीएसची आणि एक त्याआधीची, एबीएस नसलेली. भंगारात दोघींचे ॲक्सल शेजारी शेजारी पडलेले असतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

दात मोजणारा संगणक

चाक अडकते आहे हे यंत्रणेला कळते कसे? मिस्त्रींनी मागचे चाक उतरवून दाखवले. हबवर एक दातेरी कडे असते आणि त्याच्यासमोर साधारण एक मिलिमीटरच्या अंतरावर बोटाएवढा सेन्सर. चाक फिरले की एकेक दात सेन्सरसमोरून जातो आणि प्रत्येक दातागणिक संगणकाला एक इशारा मिळतो. किती वेळात किती दात गेले, यावरून संगणक चाकाचा वेग काढतो आणि चारही चाकांचे वेग एकमेकांशी ताडून बघतो. एखादे चाक एकाएकी मागे पडले, की ते अडकायला लागले असे तो समजतो.

मिस्त्रींनी हातात खडू दिला. एका दातावर खूण करून मोजायला सांगितले. भंगारातून आणलेल्या ॲक्सलवरच्या कड्याला ४४ दात भरले. जुना, वाकलेला ॲक्सल कोपऱ्यात पडला होता. त्याच्यावर भरले ४८!

"बघा सर," मिस्त्री म्हणाले, "बसला तर खरा, पण जुळला कुठं?"

हिशेब सोपा आहे. गाडीच्या संगणकाला ठाऊक आहे की ४८ दात गेले म्हणजे चाकाचा एक फेरा. आता एका फेऱ्यात जातात ४४. गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असली, तर मागची चाके ५५ ने फिरताहेत असे त्याला वाटते. म्हणजे ब्रेकला पाय लागण्याआधीच, मागची दोन्ही चाके जवळजवळ ८ टक्क्यांनी घसरताहेत असा त्याचा ग्रह! मग हलका ब्रेक दाबला तरी तो मागच्या चाकांचा दाब सोडू पाहतो. काही वेळाने हे गणित बसत नाही असे संगणकाच्या ध्यानात येते. तो एबीएस बंद करतो आणि पिवळा लाइट पेटवतो. विद्यार्थ्याला आता आठवले, की लाइट गाडी सुरू केल्याबरोबर पेटत नसे, हमरस्त्याला लागून काही मिनिटे झाली की पेटे. आणि त्याआधी सिग्नलला साधा ब्रेक मारतानाही पेडल थरथरे.

उलटे झाले तर अधिक वाईट. संगणकाला ४४ ची सवय आणि कड्याला दात ४८, तर मागचे चाक ६० वरून ५५ वर घसरले तरी संगणकाला ते ६० नेच फिरताना दिसते. घसरण सुरू झाली तरी सुरुवातीला तिचा पत्ताच नाही.

दात जुळले तरी एवढ्याने भागत नाही. काही सेन्सर स्वतःच वीज निर्माण करतात, तर काहींना संगणकाकडून वीज लागते. दोघांनाही दोनच वायरी. एकाच्या जागी दुसरा लावला तर काम होत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत दातेरी कडे नसतेच, बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकाची चकती असते. डोळ्यांना त्यातले दात दिसत नाहीत, म्हणून तिथे पार्ट नंबरच बघावा लागतो. शिवाय ते बेअरिंग उलटे बसवले तर चकती सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते आणि इशाराच मिळत नाही. एबीएस नसलेल्या गाडीच्या ॲक्सलवर तर बहुधा कडेही नसते आणि सेन्सरसाठी जागाही नसते.

लाइट काढला म्हणजे दोष गेला?

एबीएस बंद पडली तरी साधे ब्रेक लागतात. त्यामुळे गाडी ठीकच आहे असे वाटते. पण पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देण्याचे कामही पुष्कळ गाड्यांत हाच संगणक करतो. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल लाइटही पेटला, तर तेही काम थांबल्याची शक्यता असते. घाटाच्या उतारावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाके हलकी होतात. ती आधी अडकली, तर ओल्या वळणावर काय होईल ते सांगायला नको.

अशा वेळी लाइटचा बल्ब काढणे, त्यावर काळी पट्टी चिकटवणे किंवा त्याची वायर दुसऱ्याच लाइटला जोडणे, हे उपाय काही ठिकाणी सर्रास चालतात. अंगात ताप असताना थर्मामीटर फेकून देण्यासारखेच हे. त्यातून गाडी पुढे विकली गेली, तर घेणाऱ्या बिचाऱ्याला काहीच कळत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनुसार, उत्पादकाने ठरवून दिलेल्या रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. त्याच प्रतीचा ॲक्सल बदलणे ही दुरुस्ती झाली. वेगळ्या प्रतीचा घालून सुरक्षेची यंत्रणा बंद पाडणे याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. अपघात झालाच, तर विमा कंपनीही त्यावर बोट ठेवू शकते.

एवढे तरी पाहावे

जुना ॲक्सल घेऊच नये असे मी म्हणत नाही. सगळ्यांनाच नवा कुठे परवडतो? पण पैसे देण्यापूर्वी गाडीचे मॉडेल, वर्ष आणि पार्ट नंबर जुळवावा. आपला काढलेला ॲक्सल लगेच भंगारात देऊ नये, शेजारी ठेवून दोन्हींचे दात मोजावेत. मागे ड्रम असलेल्या गाडीला डिस्कचा ॲक्सल घालू नये, त्याने ब्रेकचा सगळा तोल बदलतो. काम झाल्यावर स्कॅनर लावून, मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी २०-३० च्या वेगाने चारही चाकांचे आकडे पाहावेत. ते सारखे दिसले पाहिजेत.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर एक गोष्ट जरूर करावी. चावी फिरवताच एबीएसचा लाइट आधी पेटला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. काही गाड्यांत तो गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो. तो मुळी पेटलाच नाही, तर समजावे की कुणीतरी त्याचे तोंड बंद केले आहे.

विद्यार्थ्याच्या गाडीवरचा उपाय सोपा निघाला. वाकलेल्या ॲक्सलवरचे हब चार बोल्ट काढून सुटे झाले आणि आणलेल्या ॲक्सलवर बसले. एका बाजूच्या बेअरिंगला धडकेत मार लागला होता, म्हणून त्या बाजूचे हब नवे घ्यावे लागले. सेन्सर त्याच्याच गाडीचे लावले. खर्च थोडा वाढला आणि दोन दिवस मोडले.

पंचमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचा निपाणीहून फोन आला. "पोचलो, सर. तवंदीला धुवांधार पाऊस होता. लाइट नाही पेटला."