पाणीगेटच्या आतली गिटार

वडोदऱ्याच्या जुन्या कोटाचा पूर्व दरवाजा म्हणजे पाणीगेट. मौलाबक्षांनी १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने याच शहरात गायनशाळा काढली. तरीही दरवाजाच्या आतल्या एखाद्या घरी नातवाने ‘हेवी मेटल’ची विजेवरची गिटार आणली, की आजोबांच्या कपाळी आठी उमटते. त्या दणदणाटामागे मात्र एक दुखापत आहे. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोके १९६५ साली कारखान्यातील यंत्रात गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा चढविल्या, पुढे त्या सैलही केल्या. सूर खाली उतरला. हा भारदस्त नाद पेलणाऱ्या खास गिटारी मग घडल्या. तारांखालच्या जोड वेटोळ्यांमुळे विजेची घरघर दबते. १९९० साली आयबानेझने तर सातवी, अधिक खर्जाची तार जोडली. खर्ज हे आपल्या रुद्रवीणेचेही वैभव. आजोबांनी एकदा ऐकून तर पाहावे!