एका रकान्याची उणीव

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात शिरलं की छपरांवरून घराची वाढ वाचता येते. मूळ घरावर कवेलू. त्याला लागून काढलेल्या सपरीवर किंवा गुरांच्या कोठ्यावर करडे, नागमोडी सिमेंटचे पत्रे. त्यानंतरच्या खोलीवर टिना, आणि घरकुलाचे हप्ते मिळाले असतील तर शेवटी स्लॅब. कवेलू दरवर्षी मृगाआधी फेरावे लागत आणि वानरांची टोळी ती मेहनत एका दुपारी मातीत मिळवी. टिन उन्हाळ्यात भट्टी होई. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, टिनेइतका तापत नाही आणि खिशाला झेपतो. म्हणून तो आला आणि राहिला.

सरकारी मोजणीत मात्र तो सापडत नाही. २०११ च्या जनगणनेत छपराच्या तक्त्यात ‘जीआय, धातू, अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे’ असा एकच रकाना आहे. देशातली सुमारे १६ टक्के घरं त्यात बसवली आहेत. त्यातल्या कुणाच्या डोक्यावर टिन आणि कुणाच्या डोक्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा, ते कळायला मार्ग नाही. या एका रकान्याचे दोन करणं, हेच अ‍ॅस्बेस्टॉस शोधणाऱ्या सर्वेक्षकाचं पहिलं काम.

पत्रा दिसतो सिमेंटचा, पण त्याची ताकद धाग्यांची आहे. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी सिमेंटच्या पातळ रबडीत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू कालवून, कागदासारखे थरावर थर चढवत पत्रा करण्याची रीत काढली. १९०१ साली त्यांना पेटंट मिळालं. आपल्याकडे १९३४ मध्ये आजच्या मध्य प्रदेशात कटनीजवळ कायमोरला असे पत्रे करणारा कारखाना उभा राहिला. पत्र्यात ढोबळमानाने एक दशांश तंतू, बाकी सिमेंट. जाडी साधारण सहा मिलिमीटर.

धोका त्या एक दशांशात आहे, आणि तोही पत्रा स्वस्थ पडून असताना फारसा नाही. सिमेंटने तंतू घट्ट धरून ठेवलेले असतात. ग्राइंडर फिरला, ड्रिल चाललं, घणाचा घाव बसला की ते सुटतात. केसापेक्षा कितीतरी बारीक असल्याने हवेत तासन्‌तास तरंगतात, फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात आणि तिथेच रुततात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत, बाहेरही टाकता येत नाहीत. अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग, आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे त्याचे परिणाम. पांढरा, तपकिरी, निळा, अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहेत. वीस ते चाळीस वर्षं हा आजार दडून राहतो. पंचविशीत पत्रे कापणाऱ्याला साठीत धाप लागते, तेव्हा दोष बिडीला जातो, धानाच्या धुळीला जातो. पत्र्याची आठवण कुणाला होत नाही.

सर्वेक्षक आधी पाहतो आणि वाजवतो. टिन खणखणते, सिमेंटचा पत्रा ठक्क आवाज करतो. पण अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले, दुसऱ्या तंतूंचे पत्रेही आता येतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून नियम साधा: उलटं सिद्ध होईपर्यंत आहे असंच धरायचं. सिद्ध करायचं तर नमुना घ्यावा लागतो. जागा आधी साबणाच्या पाण्याने भिजवायची, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा चिमट्याने काढायचा, एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, वर क्रमांक. उघडी पडलेली कड लगेच लिंपायची. प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, ठरावीक तेलात, पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे कुरळे तंतू एका दिशेने किरमिजी आणि दुसऱ्या दिशेने निळे चमकतात.

आणखी एक नियम प्रयोगशाळेत नव्हे, शिडीवर शिकायचा असतो. पत्र्यावर पाय द्यायचा नाही. जुना पत्रा माणसाचं वजन धरत नाही, पाय सरळ आरपार जातो. जो तंतूने तीस वर्षांनी मरायचा, तो पडून आजच मरतो.

मग येते वही. ब्रिटनमध्ये २०१२ च्या नियमांनुसार बिनघरगुती इमारत ज्याच्या ताब्यात आहे, त्याला अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे याची नोंद ठेवावी लागते. तिथले सर्वेक्षक प्रत्येक वस्तूला चार गोष्टींवर गुण देतात: वस्तू कोणती, मोडतोड किती, पृष्ठभाग कसा, तंतू कोणता. जास्तीत जास्त १२. हीच पट्टी इथे लावून पाहू. कोठ्यावरचा थोडा तडकलेला, पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा चार गुणांवर थांबतो, म्हणजे धोका अगदी कमी. तोच पुरता फुटला तर सहा. पण उकडा तांदूळ काढणाऱ्या एखाद्या जुन्या राइस मिलमध्ये वाफेच्या नळीवरचं वेष्टण तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉसचं निघालं आणि लोंबत असलं, तर आकडा अकरापर्यंत जातो. पहिल्याला हात न लावता नजर ठेवायची; दुसऱ्यासाठी नळीजवळ माणसांना फिरकू द्यायचं नाही. सगळं काढून टाका असं सर्वेक्षक सांगत नाही. काय कुठे आहे आणि त्याला केव्हा हात लावायचा नाही, एवढं तो सांगतो.

अशा तपासणीसाठीचा ‘ऑडिट’ हा शब्द भंडाऱ्याला फार महाग पडून कळला. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली आणि ‘फायर ऑडिट’ घराघरात पोचलं. आग रातोरात जाब विचारते. तंतू विचारत नाही, म्हणून त्याचं ऑडिट अजून रुळलेलं नाही.

कायदा अगदीच गप्प नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं जपण्याचा आदेश दिला. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत टाकून दिलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचं नाव आहे. असा कचरा पुरण्याची सोय नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. पण कामगाराची नोंद कारखान्यात होते. गावात पत्रे उतरवणारा मजूर कुठल्याच हजेरीपटावर नसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडाऱ्यात वैनगंगा नदीचा पूर घराघरात शिरला. अशा पुरानंतर पंचनाम्यात ‘अंशतः पडझड’, ‘पूर्णतः पडझड’ असं लिहिलं जातं. ढिगाऱ्यात काय आहे, याला तिथेही रकाना नाही. फुटके पत्रे मग पांदणीच्या खड्ड्यात भरले जातात.

उपाय महागडा नाही. ग्रामपंचायतीकडे कर आकारणीचा नमुना ८ असतोच. घर क्रमांक, मालक, बांधकामाचा प्रकार. त्याला एक रकाना जोडता येईल: सिमेंटचे पत्रे आहेत का, किती, फुटलेले किती. उतरवायची वेळ आली तर भिजवून, बोल्ट सोडवून, अख्खे खाली घ्यायचे आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे.

तरी वही कचेरीत राहते आणि ड्रिल घेऊन शिडी चढणारा पोरगा नमुना ८ वाचत नाही. घर क्रमांक आपण दारावर रंगवतोच. कोठ्याच्या भिंतीवर त्याच ब्रशने आणखी एक ओळ लिहिता येईल: पत्रा सिमेंटचा आहे, वर चढू नका, भोक पाडू नका.